पानिपतावरून परतलेले तिघे

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचे रण मोडले. तेथून जीव वाचवून निघालेल्यांत मल्हारराव होळकर, महादजी शिंदे आणि नाना फडणीस हे तिघे होते. रण तिघांनीही सोडले. पण लोकांच्या तोंडी एक दगाबाज ठरला, दुसरा शूर ठरला, आणि तिसरा भित्रा. हा निवाडा आपण कशावरून केला, ते पाहू.

महादजींच्या पायावर पाठलाग करणाऱ्या अफगाणाचा घाव बसला. राणेखान भिस्त्याने त्यांना वाचविले. पाय मात्र जन्माचा अधू झाला. सरदाराच्या अंगावरचा घाव आपणांस पुरावा म्हणून पुरतो. मल्हारराव साठी उलटलेले, मुरलेले सेनानी; त्यांनी अखेरपर्यंत उभे राहावे ही आपली अपेक्षा. ती फसली म्हणून आपण त्यांच्या हेतूवरच शंका घेतो.

नाना तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे. फडणिशीच्या घराण्यातला हा मुलगा आईला घेऊन तीर्थयात्रेच्या ओढीने लष्कराबरोबर उत्तरेत गेला होता. ती आई परत आली नाही. आपण कसे निसटलो, हे नानांनी पुढे आत्मवृत्तात स्वतः लिहून ठेवले, आणि त्यांच्या त्याच प्रांजळपणाचा आधार घेऊन आपण त्यांना भ्याड म्हणतो. हिशेब लिहिणाऱ्या मुलाला आपण शिपायाच्या मापाने मोजतो.

याच माणसाची सावधगिरी पुढे कारभारात दिसली. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. १७७४ च्या बारभाईंच्या कारस्थानात नाना अग्रभागी होते. तेथे तीच सावधगिरी मुत्सद्दीपणा ठरली. तरीही साडेतीन शहाण्यांत नाना अर्धेच. तलवारीचे अंग नव्हते म्हणून अर्धे, असे सांगतात. म्हणजे शहाणपण मोजतानाही आपण तलवारीकडेच पाहिले!

तिघांचे वर्तन सारखेच होते, असे आम्ही म्हणत नाही. मल्हाररावांनी रण केव्हा व का सोडले, हे कागदपत्रांवरून तपासलेच पाहिजे. पण ती तपासणी होण्याआधीच सरदार, सेनापती, कारकून या शब्दांनी आपला निकाल लागलेला असतो. आजही साहेब गप्प बसले तर आपण त्यांना गंभीर म्हणतो, कारकून गप्प बसला तर दबलेला. मृतांना आपल्या निकालाने काही होत नाही. पण शेजारच्या माणसाला त्या निकालाखाली आयुष्य काढावे लागते. म्हणून कोणाच्याही स्वभावाला नाव देण्यापूर्वी, त्याच्याकडे काम कोणते होते, एवढे तरी आपण विचारावे.