मुहैस्नाह : दुबईत येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एका वस्तीची ओळख



दुबईची ऑफर हातात पडली की पहिला प्रश्न पगाराचा आणि दुसरा घराचा. मरीना आणि डाउनटाउन सगळ्यांना फोटोतून माहीत असते, पण शाळेत जाणारी मुले, वर्षातून दोन महिने येणारे आजी-आजोबा आणि महिन्याचे बजेट यांचा मेळ घालायचा तर बरेचजण देरा, कुसैस, नहदा या बाजूला वळतात. त्याच पट्ट्यात शारजाच्या सीमेला लागून मुहैस्नाह आहे. आम्ही गेली काही वर्षे इथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. नव्याने येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरे एकदाच नीट लिहून काढली आहेत.

नाव एक, भाग चार

नकाशात मुहैस्नाहचे १ ते ४ असे चार भाग दिसतात. नुसते "मुहैस्नाहला चला" म्हटले तर टॅक्सीवाला तुम्हाला भलतीकडे नेईल, म्हणून आकडा सांगायला विसरू नका.

मुहैस्नाह १ मध्ये मुख्यतः व्हिला आहेत. शेजारी मिर्दिफ आणि मिझहर. एतिहाद मॉल याच भागात आहे. मुहैस्नाह ४ हा फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबांचा भाग. वस्ल ओएसिससारखी मोठी निवासी संकुले, शाळा, मदिना मॉल आणि लुलू व्हिलेज इथे आहेत. पत्ता सांगताना लोक सहसा "लुलू व्हिलेजजवळ" एवढेच सांगतात. मुहैस्नाह २ म्हणजे कामगारांच्या वसाहतींचे सोनापूर. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आपल्यापैकी बऱ्याचजणांची दुबईशी पहिली गाठ मुहैस्नाहमध्येच पडते, कारण व्हिसासाठीच्या तपासणीचे एक मोठे मेडिकल फिटनेस सेंटर इथे आहे. त्या दिवशी रक्त देऊन बाहेर पडताना आपण पुढे इथेच संसार मांडू असे आम्हाला वाटले नव्हते!

घर घेताना

दुबईत भाडे वर्षाचे ठरते आणि ते आगाऊ तारखांच्या चेकने द्यायचे असते. चेकची संख्या कमी असेल तर भाड्यात घासाघीस करता येते. करार झाला की 'इजारी' नोंदणी करून घ्या. तिच्याशिवाय वीज-पाणी नावावर होत नाही आणि मुलांच्या व्हिसाचे कामही अडते.

पहिल्या महिन्याच्या हिशेबात हे खर्च धरा :

- दीवा (वीज-पाणी) : फ्लॅटसाठी २,००० दिरहॅम अनामत. घर सोडताना ही परत मिळते.
- हाउसिंग फी : वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के. ही बारा भागांत दीवाच्या बिलात येते. नव्या माणसाला पहिले बिल पाहून धक्का बसतो तो यामुळेच.
- एसीचा खर्च : काही इमारतींत भाड्यातच असतो, काहींत वेगळा. "चिलर फ्री आहे का?" हे आधी विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये याचा फरक कळतो.

भाडेवाढीचा नियमही माहीत असू द्या. २०१३ च्या ४३ क्रमांकाच्या आदेशानुसार तुमचे भाडे बाजारभावापेक्षा १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ करता येत नाही. त्याहून कमी असेल तर ५ ते २० टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढ चालते. बाजारभाव ठरवणारा नवा स्मार्ट रेंटल इंडेक्स जानेवारी २०२५ मध्ये आला. करारात बदल करायचा तर मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी कळवावे लागते. मालकाला स्वतः राहायला किंवा विकायला घर हवे असेल, तर नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आमच्या एका आधीच्या घरमालकाने "पुढच्या महिन्यात रिकामं करा" असे फोनवरच सांगितले होते. नियम माहीत नसल्याने आम्ही पॅकिंगला सुरुवातही केली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी थांबवले नसते तर उगाच बाहेर पडलो असतो.

रोजचा दिवस

मुहैस्नाह ४ चे सुख म्हणजे बहुतेक गोष्टी चालत जाऊन होतात. सकाळी सहा-साडेसहापासून स्कूल बसच्या रांगा लागतात. खाली बकाला (किराणा दुकान), लॉन्ड्री, केशकर्तनालय, औषधांचे दुकान आणि करक चहा देणारा कॅफेटेरिया. कोथिंबिरीची जुडी किंवा दह्याचा डबा हवा असेल तर फोन करायचा, दुकानातला मुलगा वर आणून देतो. इमारतीच्या नातूरला (वॉचमन) कुठल्या घरी कधी कोण येते हे पाठ असते.

ज्वारी-बाजरीचे पीठ, पोहे, साबुदाणा मोठ्या भारतीय दुकानांत सहज मिळतात. मासे खाणाऱ्यांनी दोन शब्द शिकून घ्यावेत : पापलेट म्हणजे 'झुबैदी' आणि सुरमई म्हणजे 'कनाद'. ताज्या मासळीसाठी देऱ्याचे वॉटरफ्रंट मार्केट गाठावे. जुना फिश मार्केट बंद होऊन २०१७ मध्ये हा नवा बाजार सुरू झाला. घाऊक भाजी-फळांसाठी अल अवीर.

संध्याकाळी ऊन उतरले की संकुलाच्या आवारात सायकली, क्रिकेट, बाकांवर आज्या. नोव्हेंबर ते मार्च हा खरा सीझन. तेव्हा मुश्रिफ पार्कात घाफच्या झाडांखाली डबा घेऊन जाता येते, नाहीतर अल खवानीजचे २०१९ मध्ये सुरू झालेले कुराणिक पार्क. उन्हाळ्यात मात्र मॉल हेच आपले मैदान!

जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी झाली आणि शुक्रवार सरकारी कार्यालयांना अर्धा दिवस. त्याआधी २००६ पासून सुटी शुक्रवार-शनिवार असे. आम्ही रविवारी ऑफिसात आणि पुण्याचे सगळे नातेवाईक घरी, अशी गंमत व्हायची. आता रविवारी सकाळी दोन्हीकडे एकाच वेळी पोहे होतात आणि फोनवर निवांत बोलता येते.

जाणे-येणे

मेट्रोची ग्रीन लाइन ९ सप्टेंबर २०११ ला सुरू झाली. तिचे या बाजूचे शेवटचे स्टेशन, ज्याला सगळे एतिसलात म्हणतात, आपल्याला सोयीचे. शेवटचे स्टेशन असल्याने सकाळी बसायला जागा मिळते, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. नोल सिल्व्हर कार्डावर एका झोनला ३, दोन झोनना ५ आणि त्यापुढे ७.५ दिरहॅम. मेट्रोत खाल्ले-प्यायले तर १०० दिरहॅम दंड आहे, मुलांना आधीच सांगून ठेवा.

गाडीने बैरूत स्ट्रीटवरून विमानतळाच्या बोगद्यातून गेलात तर सालिकचे टोल गेट लागते. ३१ जानेवारी २०२५ पासून कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी (सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ ते ८) ६ दिरहॅम, एरवी ४ आणि रात्री १ ते ६ मोफत असा दर आहे. विमानतळ जवळ असल्याने आई-बाबांना आणायला फार आधी निघावे लागत नाही.

शाळा आणि मराठी

भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष इथेही एप्रिलमध्ये सुरू होते. शाळांवर केएचडीएचे नियंत्रण आहे आणि आतापर्यंतचे तपासणी अहवाल वाचायला मिळतात. फी पाहण्याआधी ते वाचा. फी व्यतिरिक्त बसचा खर्च वेगळा. घराजवळची शाळा निवडली तर मुलांचा बसमधला वेळ वाचतो आणि तो वेळ मुहैस्नाहसारख्या वस्तीत खेळण्यात जातो.

पहिली ते नववी अरबी सक्तीची आहे. त्यावर इंग्रजी आणि हिंदी. म्हणजे मराठी पूर्णपणे घरावर येते. एक फायदा असा की हिंदीमुळे देवनागरी आपोआप येते, शिकवायचा राहतो तो 'ळ'. आम्ही रोज जेवताना दहा मिनिटे मराठीतच बोलायचे असा नियम केला. धाकटा पहिले काही दिवस ती दहा मिनिटे गप्पच बसायचा. आता "आई, अजून पोळी वाढ" एवढे ळ सकट येते.

सणवार

गुढी उभारता येते, पण गॅलरीच्या कठड्याबाहेर काही लटकवू नका. कपडे वाळत घातलेले बाहेरून दिसले तरी पालिका दंड करू शकते. आम्ही गुढी गॅलरीत आतल्या बाजूला उभी करतो. गणपती शाडूचा आणून विसर्जन घरीच बादलीत करतो आणि ते पाणी कुंड्यांना घालतो. आरतीचा आवाज बेताचा. आमच्या मजल्यावरचे केरळचे कुटुंब मोदकांची वाट पाहते आणि ओणमला त्यांच्याकडून पायसम येते. रमजानमध्ये इजिप्तच्या काकूंकडून इफ्तारचे ताट येते. रिकामे परत द्यायचे नाही हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे असे दिसते!

सोयी बंद पडतात तेव्हा

१६ एप्रिल २०२४ च्या पावसाने अमिरातीत ७५ वर्षांतला उच्चांक केला. आमच्या इमारतीच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरले, लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही. ज्या सोयींसाठी आपण भाडे भरतो त्या सगळ्या एका दुपारी गेल्या. तेव्हा प्रथमच कळले की वरच्या मजल्यावर एक आजी एकट्या आहेत, त्यांचा मुलगा आणि सून ऑफिसात अडकले आहेत. मुलांनी पाण्याच्या बाटल्या जिन्याने वर नेल्या. खिचडीचे एकच मोठे पातेले चढले. त्याआधी आम्ही त्या मजल्यावरच्या कुणाचे नावही विचारले नव्हते. म्हणून नव्या घरी सामान लावून झाले की पहिल्याच आठवड्यात शेजारची दारे वाजवा.

सोनापूर

आता मुहैस्नाह २ विषयी. सोनापूर हे नाव नकाशावरचे नाही, हिंदी-उर्दू बोलणाऱ्यांच्या तोंडचे आहे. अर्थ सोन्याचे गाव. मुंबईकर मात्र हे नाव ऐकून दचकतात, कारण तिकडे सोनापूर म्हणजे स्मशान. इथल्या सोनापुरात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ इथून आलेले कामगार राहतात. रस्ते, इमारती, मेट्रो आणि आपले फ्लॅटही अशाच हातांनी बांधलेले आहेत.

दुबईत 'बॅचलर' हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. कुटुंबाशिवाय राहणारा तो बॅचलर, मग गावी त्याला बायको आणि तीन मुले का असेनात. कुटुंब आणायचे तर पगार दरमहा किमान ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय अशी अट आहे. २०१९ मध्ये हुद्द्याची अट गेली, पगाराची राहिली. आपल्याकडे संध्याकाळी मुले खाली खेळतात आणि थोड्याच अंतरावर तितक्याच वयाच्या मुलांचे बाप फोनवर त्यांना पाहतात, ते या एका आकड्यामुळे. आपलाही व्हिसा नोकरीवरच टांगलेला आहे, हे ज्यांनी २००९ किंवा २०२० पाहिले त्यांना सांगायला नको.

मोठ्याने एकदा विचारले, "बाबा, त्या बसमधले काका त्यांच्या मुलांना का नाही आणत?" आम्ही आधी विषय बदलला. मग रात्री त्याला खरे ते सांगितले. आमच्या मते मुलांना हे सांगावे.

मदत करावीशी वाटली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणे किंवा दान वाटणे इथे कायद्याने गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच करा. मात्र काही गोष्टींना परवानगी लागत नाही. सामान वर आणणाऱ्या मुलाला नावाने हाक मारणे, उन्हाळ्यात त्याला थंड पाणी देणे, दुपारच्या कडक उन्हात छोट्या ऑर्डरी टाळणे. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. निदान त्या वेळात आपणही कुणाला एका लिंबासाठी बाहेर काढू नये.

थोडक्यात

मुहैस्नाह फोटोतली दुबई नाही. इथे समुद्र नाही, उंच मनोरे नाहीत आणि शारजाकडची संध्याकाळची ट्रॅफिक रोज भोगावी लागते. पण शाळा, बाजार, मेट्रो, विमानतळ हाताशी असल्याने दिवसातला तासभर तरी वाचतो. तो तास मुलांबरोबर आणि शेजाऱ्यांबरोबर गेला तर भाड्याचे घरही आपले वाटू लागते.

या बाजूला राहायला येत असाल तर घर पाहायला यालच. लुलू व्हिलेजजवळ उतरा, आम्ही न्यायला येऊ. चहा आमच्याकडे!