खरखरीमागचं गाणं

भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली. दोघांचीही एकसुद्धा तबकडी निघाली नाही. भास्करबुवा कसे गात असतील हे आम्ही त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव यांच्या गाण्यावरून आणि जुन्या माणसांच्या आठवणींवरून ताडतो. त्यांच्या आवाजाचं एक मिनिट, कितीही झिजलेलं, कोणी आणून दिलं तर त्याच्यासाठी मी वाटेल ते करीन. शिकायला येणाऱ्या मुली जुनी तबकडी लावली की कपाळाला आठ्या घालतात, ‘ताई, नुसती खरखरच ऐकू येते’ म्हणतात. तेव्हा मी त्यांना आधी ही दोन नावं सांगते.

ही खरखर येते कुठून? तबकडी लाखेची. ती लाख बहुतेक आपल्याच देशातली, छोटा नागपूरकडच्या जंगलांतली. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळत. भुकटी मुद्दाम खरबरीत ठेवलेली, कारण पोलादी सुईचं टोक घासून खाचेत बसेल असं करण्याचं काम तिचंच होतं. आमच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता. वडील दर बाजूला नवी सुई लावत. वापरलेली सुई कोणी पुन्हा लावली तर ते रागावत, आणि ते बरोबरच होतं: घासलेली सुई खाच कुरतडते.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. समोर कर्णा, त्यात तोंड घालून गायचं. आवाजाने पडदा थरथरायचा आणि सुई मेणावर खाच कोरत जायची. तबकड्या छापायला जर्मनीत, हॅनोव्हरला जात. तिथल्या माणसांना गाणं कोणाचं ते कळावं म्हणून गौहरजान शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगते. १९०८ साली सियालदहला कारखाना निघाला. विजेवरचं ध्वनिमुद्रण यायला १९२५ नंतरचा काळ उजाडला.

कर्ण्याने काय काय गाळलं ते कानाला लगेच कळतं. डग्ग्याची घुमक नाही, तंबोरा जवळजवळ नाही, शब्दांतले स आणि श बोथट. पण स्वर कुठे लागला, तिथपर्यंत कोणत्या वाटेने गेला, किती थांबला आणि कसा सुटला, हे सगळं त्या खाचेत आहे. आपल्या गाण्यात याहून महत्त्वाचं काय असतं? आग्र्याच्या जोहराबाई १९१३ साली गेल्या. त्यांचं जे काही मुद्रित झालं ते कर्ण्यापुढेच. तरी त्यांचा भारदस्त, मोकळा आवाज आणि तीन मिनिटांत राग उभा करण्याची हिंमत आजही थक्क करते. तंबोऱ्याशिवायही त्यांचा षड्ज डळमळत नाही.

शिकणाऱ्यांना या तबकड्यांनी किती दिलं! कुमार गंधर्व शाळकरी वयात मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवत. भीमसेन जोशी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून भारावले आणि अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. खरखर या मुलांच्या आड आली नाही.

अल्लादियाखाँसाहेबांकडे जायची माझी वाट केसरबाई केरकरांच्या तबकड्यांतून जाते. तान एका दमात फिरून समेवर येते तेव्हा मी शिष्येच्या गळ्यात गुरूला शोधत असते. केसरबाईंचीच एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली आणि त्याच वर्षी बाई गेल्या. ती भैरवीही साडेतीन मिनिटांचीच.

हल्ली संगणकावर खरखर पुसून देतात. मला ते आवडत नाही. खरखरीबरोबर स्वराच्या कडा जातात, श्वास जातो, आणि गाणं लोकरीत गुंडाळल्यासारखं होतं. त्यापेक्षा वेगाकडे लक्ष द्यावं. जुन्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नाहीत. ७२ ने मुद्रित केलेली ७८ ने फिरवली तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्याही वर चढतं, सव्वातीन मिनिटांची चीज तीन मिनिटांत संपते, मींड घाईची वाटते आणि जोहराबाईंसारखा भरदार आवाज पोरकट होतो. खरखरीतून कान वाट काढतो. चुकलेल्या वेगापुढे त्याचा इलाज नसतो. म्हणून मी मुलींना पेटी घेऊन बसवते. साथीच्या पेटीचा सूर आपल्या पेटीशी जुळवायचा, आवाजाला त्याचं वजन परत येईपर्यंत वेग थोडा थोडा कमी करायचा. वेग जमला की गाणं पुन्हा पहिल्यापासून लावतो, आणि मग खरखरीबद्दल सहसा कोणी बोलत नाही.