महादेवाच्या डोंगरातला आसरा

जबलपूरच्या गोहलपूर भागातून वसंतात पचमढीला निघालेले कुटुंब इटारसीकडे जाणाऱ्या गाडीने पिपरियाला उतरते, तेथून सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता पार करून वर पोहोचते आणि विश्रामगृहात सामान टाकून धूपगडाचा बेत आखते. १,३५२ मीटर उंचीचे हे सातपुड्यातील सर्वोच्च शिखर. डोंगरात मुक्कामाला जागा मिळावी आणि वाट दाखवणारा भेटावा, एवढीच अशा प्रवासाची विवंचना. मात्र याच दोन गोष्टींवर एकेकाळी नागपूरच्या राजाचे जीवित अवलंबून होते.

जबलपूर तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि महिन्याभरात ते इंग्रजांच्या हाती गेले. पुढल्या वर्षी पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांना अलाहाबादेकडे नेले जात असता, मे महिन्यात, जबलपूरनजीक रायचूरच्या मुक्कामी पहाऱ्यावरील काही शिपायांना वश करून ते शिपायाच्याच वेषात निसटले. महादेवाच्या डोंगरात त्यांना हर्राईच्या चैनशाहासारख्या गोंड सरदारांनी आश्रय दिला. पेंढाऱ्यांचा चितूही तेथे येऊन मिळाला. जुलैत बैतूलकडे कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापली गेली, तेव्हा हे प्रकरण केवळ एका पळपुट्या कैद्याचे राहिले नाही. त्यांना पकडून देणाऱ्यास मोठे इनाम जाहीर झाले होते. पण ज्या माणसांना इतिहासग्रंथांत क्वचितच नाव मिळते, त्यांनी ते घेतले नाही. फेब्रुवारी १८१९ मध्ये आप्पासाहेब डोंगर सोडून असीरगडाकडे गेले. एप्रिलमध्ये तो किल्लाही पडला. १८४० साली जोधपुरात त्यांचा अंत झाला.

१८६२ मध्ये कॅप्टन जेम्स फोर्सिथ पचमढीच्या पठारावर आला. तेथे त्याने बायसन लॉज बांधला. त्यापाठोपाठ आरोग्यस्थान वसले आणि मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात येथे येऊ लागले. फोर्सिथने पचमढीचा ‘शोध’ लावला, असे प्रवाशांना आजही ऐकवले जाते. हा शब्द खटकतो. गोंड-कोरकूंची तर ही राहती भूमी. आणि नागपूरच्या राजाने जिथे एक अख्खा पावसाळा काढला, ते ठिकाण अज्ञात कसे?

विदर्भातले यात्रेकरू महाशिवरात्रीला या डोंगरात येतात. नवसाचे त्रिशूळ, काही माणसाहून उंच, खांद्यावर तोलत ते चौरागडाच्या तेराशेंहून अधिक पायऱ्या चढतात. वर देवळाच्या आवारात त्या त्रिशुळांचे ढीग साचलेले असतात.