वजिराखालोखाल एक्का

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचा एक नियम नव्या खेळाडूला हमखास गोंधळात पाडतो. दहा अवतारांचे दहा रंग; प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी बारा पाने; एकूण 120 गोल पत्ते. पाच रंगांत वजिराखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाचांत नेमके उलट, वजिराखाली एक्का आणि तळाला दश्शी.

या नियमाचे कूळ कागदांतून शोधावे लागते. हिंदुस्थानातला गंजिफ्याचा पहिला भक्कम उल्लेख बाबराच्या रोजनिशीत आहे. 1527 साली सिंधच्या शाह हुसेनाच्या मागणीवरून त्याने मीर अली कुरचीबरोबर गंजिफा धाडला. नोंद एवढीच. डाव कसला, रंग किती, यावर बाबर गप्प आहे. तिथे शिराझचा कवी अहली मदतीला येतो. 1535च्या सुमारास वारलेल्या या कवीने पत्त्यागणिक एक अशा 96 रुबाया लिहिल्या. म्हणजे आठ रंग, बारा-बारा पाने. पुढे ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजल अकबराच्या दरबारातले रंग नोंदवतो, त्यांत ताज, शमशेर, गुलाम, सोन्याचे आणि चांदीचे नाणे आहेत. या आठ रंगांतही निम्म्यांत दश्शी वर, निम्म्यांत एक्का वर.

आता स्पेनकडे पाहू. तिथल्या पत्त्यांचे रंग म्हणजे नाणी, पेले, तलवारी आणि सोटे. सतराव्या शतकात युरोपभर गाजलेल्या ‘ओंब्रे’ या स्पॅनिश खेळात तलवारी आणि सोट्यांत मोठा अंक वरचढ, नाणी आणि पेल्यांत लहान. हा योगायोग मानणे मला जड जाते. मायर या अभ्यासकाने इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातला, इजिप्तच्या मामलूक सुलतानांच्या काळातला पत्त्यांचा जोड 1939 साली प्रसिद्ध केला. त्यात हेच चार रंग आहेत, फक्त सोट्यांच्या जागी पोलोच्या काठ्या. सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची, सोनेरी नक्षीची ही शाही पाने. त्यांवर माणसाचे चित्र नाही. राजा आणि त्याचे नायब केवळ अक्षरांनी ओळखायचे. स्पॅनिश चित्रकारांनी त्यांना चेहरे, घोडे आणि झगे दिले. पत्त्यांचे अभ्यासक मायकेल डमेट यांनी 1980च्या आपल्या ग्रंथात पत्त्यांचे नाते लावताना खेळाच्या नियमांना चित्रांइतकेच वजन दिले, आणि ते योग्यच. चितारी हौसेने चित्र बदलतो. खेळणारा मात्र सवय सहसा सोडत नाही.

सावंतवाडीचे चितारी कापडाला चिंचोक्याची खळ लावून, वर खडूचा थर देऊन आणि लाखेने पाठ चकाकवून पाने करीत. श्रीमंतांसाठी दरबारी कलम, इतरांसाठी बाजार कलम. ही विद्या खेम सावंत तिसरे (1755–1803) यांच्या दरबारी आलेल्या तेलंगी विद्वानांनी आणली, असे सांगतात. विसाव्या शतकात ती विझत आली, तेव्हा तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध पुंडलिक चितारींकडून ती पुन्हा शिकवून घेतली.

पण अठराव्या शतकातल्या कुणा अनाम पंडिताची खरी हुशारी दुसरीकडे दिसते. मोगल गंजिफ्यात दिवसा डाव सुरू करण्याचा मान सोन्याच्या नाण्याला, म्हणजे सूर्याला. रात्री चांदीच्या नाण्याला, म्हणजे चंद्राला. दशावतारीत दिवसा उतारी रामाच्या राजाची आणि रात्री कृष्णाच्या. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी.