नावेवरचं छप्पर

हरसूलच्या एका मित्राला धरणाच्या पाण्यात फिरवायला छोटी मोटरबोट घ्यायचीये. त्याचा प्रश्न साधा: उन्हासाठी वर काय लावू, पत्रा की कापड? झालं, मी नेहमीप्रमाणे इतिहासात घुसलो.

तर मंडळी, रोमचं कलोसियम इ.स. 80 मध्ये सुरू झालं. प्रेक्षकांवर सावली धरायला तिथे प्रचंड कापडी छत होतं, आणि ते ओढायला चक्क आरमाराचे खलाशी! का? कारण वारा भरला की छताचं शीड होतं. आणि शीड सांभाळावं ते दर्यावर्दी माणसानंच.

छोट्या बोटीवर हेच छत जास्त घातक. वजन हलकं, छप्पर उंच, वारा आडवा आला की बोट कलंडायला बघते. धरणाचं पाणी शांत दिसतं, पण 21 मे 2024 ला उजनीत कळाशी-कुगावची बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जण गेले.

म्हणून बहामातल्या बिमिनी बेटांचं नाव मिरवणारा 'बिमिनी टॉप' मला पटतो. धातूच्या कमानी, वर कापड, आणि हवं तेव्हा मागे मिटता येतो. भातलावणीतलं इरलंही असंच नाही का? बांबूचा हलका सांगाडा, वर पानं, अंगालगत बसणारं.

मित्राला सांगितलं, पत्रा नको, कापड घे. छप्पर बसल्यावर डोक्याला लागणार नाही इतकंच उंच ठेव. आभाळ भरून आलं की ते आधी मिट आणि सरळ काठ गाठ. आणि हो, लाइफ जॅकेट सावलीतसुद्धा घालायचं.