मलमल आणि अंगठे

ढाक्याच्या मलमलीचा विषय काढला की सभेतून एक प्रश्न हटकून येतो: इंग्रजांनी विणकरांचे अंगठे तोडले ना? त्याकडे येऊच. आधी कापड पाहू. मेघनेच्या काठी पिकणारा ‘फुटी कार्पास’ हा आखूड तंतूचा कापूस. कोरड्या हवेत त्याचं सूत चटकन तुटे. म्हणून कातायचं ते पहाटे आणि संध्याकाळी, हवा दमट असताना, आणि तेही बहुधा तरुण बायकांनी, कारण नजर तीक्ष्ण हवी. त्यातल्या एका तलम जातीला ‘शबनम’ म्हणत, म्हणजे दव. उन्हाळ्यात आपण मलमल शोधतो ना, ती गिरणीची, ही नव्हे!

आता अंगठे. कंपनीच्याच नोकरीत राहिलेल्या विल्यम बोल्ट्सने १७७२ साली लिहिलं ते रेशमाचं सूत गुंडाळणाऱ्यांबद्दल: सक्तीचं काम टळावं म्हणून त्यांनी स्वतःच अंगठे कापून घेतल्याची उदाहरणं घडली. सुरी साहेबाच्या हातात नव्हती, एवढ्यावरून काहीजण कंपनीला निर्दोष सोडतात. आम्हाला ते मुळीच पटत नाही. पोटाचं साधन माणूस आपल्याच हाताने तोडतो, तेव्हा जुलूम कमी ठरतो की जास्त? मलमल बुडाली ती मात्र वेगळ्या वाटेने: उचल देऊन विणकराला बांधून घेणं, विलायतेतली जबर जकात, मग गिरणीचं स्वस्त सूत. मागणी आटली, तसा तो कापूस पेरणंही थांबलं.