प्रवेशअर्जातले रकाने

आमच्या धंद्यात एक अनुभव सगळ्यांनाच येतो. पंधरा वर्षं जुनी सिस्टिम गळ्यात पडते, डेटाबेस उघडावा तर एकेका टेबलात चाळीस-चाळीस कॉलम. त्यातले निम्मे कशासाठी आहेत, कुणालाच ठाऊक नसतं. पण खोदत गेलं की कळतं, प्रत्येक कॉलमपाशी कधीतरी कुणाचं तरी घोडं अडलं होतं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा प्रवेशअर्ज मला तसाच वाटतो. पत्ता, माध्यम, वर्तणूक, जात, विद्यापीठ... आपण पाच मिनिटांत भरून मोकळे होतो. म्हटलं, या शनिवारी तो जरा रकान्यारकान्याने वाचून बघू. उदाहरणाला गाव घेऊ पाली. अष्टविनायकातलं नव्हे बरं का! हे बीड शहराजवळचं, बिंदुसरा धरणाच्या शेजारचं पाली.

पहिला रकाना, पत्ता. १९४८ पर्यंत पालीचा पोरगा निजामाच्या हैदराबाद संस्थानचा रहिवासी. त्याचं विद्यापीठ म्हणजे १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया. औरंगाबादला इंटरपर्यंतचं कॉलेज होतं. पदवी हवी असेल तर मात्र चारशेएक किलोमीटरवरचं हैदराबाद गाठायचं, नाहीतर संस्थानची हद्द ओलांडून पुण्याला जायचं. बैलगाडीच्या जमान्यात किती घरांना हे झेपलं असेल, तुम्हीच विचार करा.

दुसरा रकाना, माध्यम. उस्मानिया हा खरं तर फार धाडसी प्रयोग होता. बाकी सगळीकडे इंग्रजीतून शिकवत असताना इथे विज्ञान, इतिहास, कायदा सगळं उर्दूतून. पुस्तकं भाषांतरित करायला वेगळं खातंच काढलेलं. इंग्रजी फक्त एक सक्तीचा विषय. कल्पना उत्तमच. पण संस्थानातली बहुतेक प्रजा बोलायची तेलुगू, मराठी नाहीतर कन्नड! आपल्या भाषेत शिका म्हणायचं, आणि भाषा मात्र दरबाराची. पालीच्या पोराला इंग्रजीऐवजी उर्दूचा डोंगर चढावा लागायचा, एवढाच काय तो फरक.

तिसरा रकाना, वर्तणूक. शाळा-कॉलेजच्या दाखल्यावर 'वर्तणूक : चांगली' असं छापल्यासारखं लिहिलेलं असतं. त्याकडे आपलं लक्षही जात नाही. पण १९३८ साली औरंगाबादच्या इंटर कॉलेजात आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हटलं. त्यावर बंदी आली, त्यांनी ऐकलं नाही, आणि त्यांची नावं पटावरून काढून टाकण्यात आली. आता अशा पोरांना दुसरीकडे कोण घेणार? नागपूर विद्यापीठाने घेतलं. नागपूर तेव्हा निजामाच्या हद्दीबाहेर, मध्य प्रांतात. काढून टाकलेल्यांत पी. व्ही. नरसिंह रावही होते. पुढे कायद्याचं शिक्षण त्यांनी नागपुरातच घेतलं. एका विद्यापीठाने बंद केलेलं दार दुसऱ्याने उघडलं नसतं, तर या पोरांचं शिक्षण तिथेच संपलं असतं.

चौथा रकाना, जात. शतकानुशतकं ही गोष्ट दार लावायलाच वापरली गेली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. प्रवेश सगळ्या जातींना खुला. घरात अक्षरओळख नसलेल्या हजारो मुलांची नावं पहिल्यांदा कॉलेजच्या पटावर चढली ती इथे. पुढे शिष्यवृत्ती आणि फीमाफी आली, तसा हाच रकाना दार उघडायच्याही कामी आला.

पाचवा, विद्यापीठाचं नाव. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि पालीच्या पोराचं हैदराबाद सुटलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यावरून मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळली, माणसं मेली. अखेर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आज अर्जावर ते नाव आयतं छापून येतं. मधल्या साडेपंधरा वर्षांची किंमत त्या रकान्यात दिसत नाही.

आणि आता? २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. पहिल्या वर्षाच्या पोराने मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव निवडायचं, क्रेडिटचा हिशोब जुळवायचा, अपार आयडी काढायचा, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी घ्यायचा. अर्ज घरबसल्या, म्हणजे अंतर संपलं म्हणायचं. पण तो मोबाईल बापाच्या खिशात आणि बाप ऊसतोडीला दूर गेलेला असेल, तर? पूर्वी खिडकीपल्याडच्या कारकुनाला हातापाया पडून निदान विचारता तरी यायचं. स्क्रीनला काय विचारणार?

म्हणून आपल्यासारख्यांसाठी एक गोष्ट. कुठला रकाना भरलाच पाहिजे आणि कुठला रिकामा चालेल, हे पूर्वी दरबार ठरवायचा, मग विद्यापीठाचं कार्यालय. नियम आजही तेच लोक करतात, पण रकान्यापुढे लाल चांदणी लावतो आपल्यापैकीच कुणीतरी, बहुतेक वेळा शुक्रवारी संध्याकाळी, रिलीजच्या घाईत. ती लावण्याआधी एकदा विचारावं, हा रकाना कुणाला आत घेतोय आणि कुणाला बाहेर ठेवतोय? उत्तर माहीत नसेल, तर सोमवारपर्यंत थांबायला काय हरकत आहे?